बाबांना ट्रायलमध्ये घालू का? हार्ट फेल्युअरचं संशोधन, पैसा आणि पाठपुरावा

प्रश्न असा होता: "बाबांचं वय ६१. दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, आता पंपिंग २५ टक्क्यांवर आहे. चार प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल विचारलं. आई म्हणते, आपल्या माणसावर प्रयोग नकोत. घालावं का ट्रायलमध्ये? आणि जगात एवढा पैसा, एवढं तंत्रज्ञान असून या आजाराचं संशोधन अडलंय तरी कुठे?"

मी २८ वर्षं हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करतोय. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रुग्ण तपासता तपासता ट्रायलही चालवल्या आहेत. आईंसारखी भीती मी रोज ऐकतो आणि ती अडाणीपणाची मुळीच नाही. तुमचे दोन्ही प्रश्न मला वेगळे करता येत नाहीत, म्हणून एकत्रच उत्तर देतो. जरा लांबेल.

आधी शब्दाचं. ओपीडीत "हार्ट फेल्युअर" म्हटलं की नातेवाइकांचा चेहरा पडतो, कारण आपल्याकडे "हार्ट फेल झालं" म्हणजे माणूस गेला. इथे हृदय चालू असतं, पण हवं तेवढं रक्त पुढे ढकलू शकत नाही आणि पाणी मागे साचतं. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो, तो लवकर भरत नाही. आडवं पडलं की दम लागतो, म्हणून माणूस दोन उशांवरून तीन उशांवर जातो आणि मग एक दिवस रात्रभर खुर्चीत बसून काढतो. बाबांच्या बाबतीत हे तुम्ही पाहिलंच असेल.

आता त्यांच्या गोळ्यांच्या डब्याकडे नीट बघा. १९८७ साली स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमधल्या २५३ अतिगंभीर रुग्णांवर एनालाप्रिलची ट्रायल झाली. सहा महिन्यांत जुन्याच उपचारांवर असलेल्यांपैकी शंभरात ४४ गेले, एनालाप्रिल मिळालेल्यांपैकी २६. तोपर्यंत या आजारात एखादी गोळी आयुष्य एवढं वाढवते हे कुणी इतक्या स्पष्टपणे दाखवलं नव्हतं. बाबांना आज त्याच घराण्यातली किंवा त्याच्या पुढची गोळी चालू असेल. ती पुढची गोळी, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, २०१४ साली आठ हजारांवर रुग्णांच्या ट्रायलमध्ये एनालाप्रिलपेक्षाही सरस ठरली. त्या ट्रायलमध्ये भारतातलेही रुग्ण होते.

बीटा ब्लॉकरची गोष्ट मला फार जवळची आहे. मी एम.डी. करत होतो तेव्हा हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला बीटा ब्लॉकर दिला असं पेपरात लिहिलं असतं, तर नापास झालो असतो. हृदय आधीच दमलेलं, त्याचा वेग कमी करणारं औषध कसं द्यायचं? पण स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ सालीच सात रुग्णांचं निरीक्षण छापलं होतं की हळूहळू दिलं तर हे हृदय सुधारतं. सात रुग्णांवर कोण विश्वास ठेवणार? ठेवूही नये. मग पैसा उभा राहिला, ट्रायल झाल्या आणि १९९९ साली बिसोप्रोलॉल २,६४७ रुग्णांत व मेटोप्रोलॉल ३,९९१ रुग्णांत तपासून झालं. दोन्हीकडे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. सात रुग्णांपासून इथवर यायला २४ वर्षं लागली, आणि त्या २४ वर्षांत माझ्यासारख्या डॉक्टरांनी जगभर लाखो रुग्णांना हे औषध जाणूनबुजून दिलं नाही.

चौथी गोळी, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, तर हृदयासाठी कुणी शोधलीच नव्हती. तिचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ साली सापडलेल्या फ्लोरिझिन नावाच्या पदार्थात आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं मधुमेहाचं औषध म्हणून ती बनली. २००७ च्या सुमारास मधुमेहाच्या एका वेगळ्या औषधाने हृदयाला धोका होतो का यावरून मोठा वाद झाला आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी नियम घातला: मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे कंपनीने दाखवून द्यायचं. नाइलाजाने केलेल्या अशाच एका ट्रायलमध्ये, ७,०२० रुग्णांत, २०१५ साली दिसलं की हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट व्हायचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलंय. पुढे २०१९ मध्ये ४,७४४ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर डापाग्लिफ्लोझिन तपासलं, त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हताच, तरी फायदा तोच. एका सरकारी खात्याने कंपन्यांना नको असलेला प्रश्न विचारायला लावला म्हणून ही गोळी आज बाबांच्या डब्यात आहे. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या शिकाऊ डॉक्टरला सांगतो.

म्हणून संशोधन अडलंय असं मी म्हणणार नाही. अडतं ते एका ठिकाणी: प्रश्न विचारायचे पैसे कोण देणार आणि रुग्णाचा पाठपुरावा कोण करणार, इथे.

आईंच्या शंकेकडे येतो. प्रयोग नको, मग डॉक्टरांच्या अनुभवावर विसंबायचं का? आमच्या अनुभवाने काय केलंय ते सांगतो. ऐंशीच्या दशकात हृदयाचं आकुंचन जोरदार करणाऱ्या गोळ्या आल्या. मिल्रिनोन त्यातली एक. रुग्णाला बरं वाटायचं, डॉक्टरांना आकडे छान दिसायचे. १९९१ साली १,०८८ रुग्णांत तिची प्लासिबोशी, म्हणजे तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करणारी ट्रायल छापून आली, तर गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त. प्लासिबोचा गट नसता तर आम्ही ती गोळी वर्षानुवर्षं प्रेमाने देत राहिलो असतो आणि गेलेल्या रुग्णाच्या घरच्यांना "आजारच गंभीर होता" असं सांगत राहिलो असतो. आजच्या चांगल्या ट्रायलमध्ये बाबांच्या चालू गोळ्या बंद करत नाहीत. नवी गोळी किंवा तिच्यासारखीच दिसणारी निकामी गोळी त्यांच्यावर जोडून दिली जाते. हे तुमच्या ट्रायलमध्ये तसंच आहे ना, ते माहितीपत्रकात बघून घ्या.

आता पैसा. औषध कंपन्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या पैशाशिवाय वरच्या बहुतेक ट्रायल झाल्याच नसत्या. पण कंपनी पेटंट हातात असेपर्यंतच प्रश्न विचारते. औषध स्वस्त झालं की त्याच्याविषयीचे प्रश्न अनाथ होतात. फॉक्सग्लोव्ह या झाडापासून मिळणाऱ्या डिजिटॅलिस या हृदयाच्या जुन्या औषधाचंच घ्या. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने १७८५ साली फॉक्सग्लोव्हच्या पानांचा अनुभव लिहून ठेवला. त्या घराण्यातलं डिजिटॉक्सिन आजच्या सगळ्या गोळ्यांच्या जोडीला उपयोगी पडतं का, हे विचारण्यात कुठल्याच कंपनीचा फायदा नव्हता. जर्मन सरकारच्या संशोधन खात्याने पैसे दिले, ट्रायल दहा वर्षं चालली, बाराशेवर रुग्ण झाले आणि २०२५ मध्ये निकाल आला: मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं, यांतलं काहीतरी घडलेल्यांचं प्रमाण प्लासिबो गटात ४४.१ टक्के, डिजिटॉक्सिन गटात ३९.५ टक्के. अमेरिकेतही सरकारी पैशातून पाणी काढायच्या दोन जुन्या गोळ्यांची, टॉर्सेमाइड आणि फ्युरोसेमाइडची, २,८५९ रुग्णांत तुलना झाली. पुढची चौकशी बरीचशी फोनवरून. मृत्यूच्या बाबतीत फरक निघाला नाही. "फरक नाही" हेसुद्धा उत्तरच आहे. माझ्या रुग्णाला महागडी गोळी लिहून देण्याची गरज उरत नाही.

मात्र सरकारी पैसा आला म्हणजे सगळं सुतासारखं सरळ होतं असंही नाही. पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर झालेल्या ३,४४५ रुग्णांवर अमेरिकी सरकारच्या पैशातून स्पायरोनोलॅक्टोनची (बाबांच्या चार गोळ्यांतली उरलेली एक बहुधा हीच) मोठी ट्रायल झाली. २०१४ साली निकाल आला, फायदा सिद्ध झाला नाही. पण अमेरिका खंडातल्या रुग्णांचे आकडे एक बोलत होते आणि रशिया-जॉर्जियातल्या रुग्णांचे भलतंच. पुढे साठवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा गोळी घेतो असं सांगणाऱ्या रशियातल्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांच्या रक्तात औषधाचा मागमूस नव्हता. अमेरिका-कॅनडात हेच प्रमाण ३ टक्के. एवढे कोट्यवधी डॉलर, एवढी वर्षं, आणि उत्तर आजही संशयात, कारण गोळी रुग्णाच्या पोटात जाते का हे कुणी नीट पाहिलं नाही.

माझ्या केंद्रावरची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. एका आंतरराष्ट्रीय ट्रायलमध्ये आमच्याकडे एक ऊसतोड कामगार होता, चाळिशीतला. दसऱ्यानंतर टोळीबरोबर तो कर्नाटकात गेला. ट्रायलची भेट ठरल्या तारखेच्या सात दिवस आगेमागे चालते, त्यापलीकडे ती चुकली असं धरतात. फोन बंद. आमच्या कोऑर्डिनेटर ताईंनी त्याच्या गावातून मुकादमाचा नंबर मिळवला, दोन एसटी बदलून टोळीच्या तळावर गेल्या. कोपीत एका पत्र्याच्या पेटीत त्याने औषधाच्या बाटल्या जपून ठेवलेल्या होत्या, सगळ्यात वर कोयत्याची कानस. ताईंनी तिथेच खाली बसून गोळ्या मोजल्या, ब्लड प्रेशर आणि वजन घेतलं. तो म्हणाला, "ताई, एक बी गोळी चुकिवली न्हाई." हिशोब बरोबर निघाला.

त्या प्रवासाचा खर्च ट्रायलच्या बजेटमध्ये कुठेही बसत नव्हता. यंत्रांना पैसा होता, नमुने विमानाने परदेशी पाठवायला होता, एसटीच्या तिकिटाला नव्हता. आणि ताईंची नोकरी कंत्राटी. ती ट्रायल संपली तशी नोकरीही संपली. भारतात हार्ट फेल्युअरचं संशोधन पुढे न्यायचं तर पहिला रुपया कुठे घालावा, असं मला कुणी विचारलं तर मी या ताईंच्या कायम पगारात घाला असं सांगेन.

हे मी भावनेपोटी म्हणत नाही. २०२२ साली १४ देशांतल्या १,०७८ रुग्णांवरची एक ट्रायल प्रसिद्ध झाली. तिच्यात नवं औषध नव्हतंच. हॉस्पिटलमधून घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत जुन्याच गोळ्यांचा डोस पूर्ण वाढवायचा आणि त्यासाठी रुग्णाला वरचेवर बोलावून तपासायचं, एवढंच. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के, या पद्धतीत १५.२ टक्के. फरक एवढा ठळक होता की ट्रायल वेळेआधीच थांबवावी लागली.

तंत्रज्ञानाचीही हीच कथा. अमेरिकेत १,६५३ रुग्णांच्या ट्रायलमध्ये जवळपास निम्म्यांना रोज एका स्वयंचलित फोन यंत्रणेवर वजन आणि लक्षणं सांगायला लावलं. २०१० साली निकाल आला, काही फायदा नाही. जर्मनीत १,५७१ रुग्णांच्या ट्रायलमध्ये जवळपास निम्म्यांच्या घरी वजनकाटा, ब्लड प्रेशरचं यंत्र आणि इ.सी.जी. दिला, पण दुसऱ्या टोकाला बर्लिनच्या शारिते रुग्णालयात चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसवल्या. २०१८ चा निकाल: मृत्यू कमी, हॉस्पिटलात जाणारे दिवस कमी. त्यानंतर तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्याने ही सेवा मान्य केली. वजनकाटा दोन्हीकडे होता. त्यावरचा आकडा बघून त्याच दिवशी फोन करणारं माणूस एकाच ठिकाणी होतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मला खरोखर आशा आहे, कारण आपल्याकडे एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारे मोजके आणि इ.सी.जी.चं मशीन तालुक्यालाही आहे. साध्या इ.सी.जी.वरून पंपिंग कमी असल्याचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने बनवला आणि २२,६४१ लोकांत ट्रायल घेऊन तपासला. नव्याने सापडणाऱ्या रुग्णांचं प्रमाण १.६ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर गेलं. हजारात पाच जास्तीची माणसं. थोडी वाटतात, पण ही माणसं उशा वाढायच्या आधी सापडलेली असतात. आपल्या लोकांच्या इ.सी.जी.वर हे पुन्हा तपासल्याशिवाय मात्र वापरू नये.

आता आपल्या देशाचे आकडे. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या म्हणजे आय.सी.एम.आर.च्या पैशातून, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या पुढाकाराने ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदणी झाली. सरासरी वय ६० च्या आत. बायका फक्त ३१ टक्के. तीन महिन्यांत १४.२ टक्के रुग्ण दगावले. पंपिंग कमी असलेल्यांपैकी निम्म्यांनाही नियमाप्रमाणे औषधं मिळत नव्हती. त्याआधी १६ देशांच्या एका पाहणीत वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण चीनमध्ये ७ टक्के आणि भारतात २३ टक्के निघालं होतं.

औषधं महाग म्हणून लोक घेत नाहीत, हे कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचं जानेवारी २०२३ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. एम्पाग्लिफ्लोझिनची साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहा रुपयांच्या आत आली. स्वस्त गोळी आहे, रुग्णांची नोंदणी आहे, ५३ रुग्णालयांचं जाळं आहे. मग आपले प्रश्न आपण का विचारत नाही? पन्नास किलो वजनाच्या, शंभरच्या आत ब्लड प्रेशर असलेल्या बाईला या गोळ्यांचा किती डोस पुरे? मे महिन्यात उन्हात राबणाऱ्याने लघवी वाढवणारी चौथी गोळी कशी घ्यावी? संधिवाताच्या तापाने झडपा खराब होऊन हार्ट फेल्युअर झालेल्या तरुण मुलींना या औषधांचा उपयोग आहे का? झडपांचे गंभीर दोष असलेल्यांना मोठ्या ट्रायलमधून वगळलेलं असतं. आणि त्या मुली आमच्याच वॉर्डात असतात, युरोपात फारशा नसतात.

स्वीडनने २०१३ मध्ये दाखवून दिलं की हृदयविकाराच्या राष्ट्रीय नोंदणीतच, कुणाला कुठला उपचार याची चिठ्ठी टाकून, ७,२४४ रुग्णांची ट्रायल नगण्य खर्चात करता येते. वेगळे फॉर्म नाहीत, वेगळी यंत्रणा नाही. आपल्याकडे हे करायला परदेशी कंपनीची वाट पाहायचं कारण नाही. देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च होतो, तो वाढलाच पाहिजे. पण आहे त्या पैशातही अशी एक ट्रायल बसते. आणि हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. मुंबईच्या के.ई.एम.मधल्या डॉ. रुस्तम वकिलांनी सर्पगंधेच्या गोळ्या ब्लड प्रेशरच्या ५० रुग्णांना देऊन त्याचा निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाने ते औषध उचललं. श्री चित्रामध्ये डॉ. वलियाथन यांच्या चमूने हृदयाची झडप बनवायला घेतली. पहिले तीन नमुने फसले, चौथा टिकला. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसली आणि त्यानंतर लाखावर लोकांना. तीन वेळा फसूनही पैसा थांबला नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

तर, बाबांचं काय? मी त्यांचे कागद पाहिलेले नाहीत, पण तुमच्या जागी मी असतो तर नकार द्यायच्या आधी चार गोष्टी विचारल्या असत्या. ट्रायलचा सी.टी.आर.आय. (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि ती कुणालाही बघता येते. एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, आणि त्या कमिटीचा फोन नंबर मराठी संमतिपत्रात छापलाय का? काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? २०१९ च्या नियमांत हे स्पष्ट आहे, तरी तोंडाने विचारा. ट्रायल संपल्यावर औषध चालू ठेवता येईल का? मध्येच बाहेर पडायचा हक्क बाबांना आहेच, आणि बाहेर पडले म्हणून त्यांचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. संमतिपत्र घरी घेऊन जा. आईंसमोर मोठ्याने वाचा. सही त्यांची नसली तरी गोळ्या त्याच काढून देणार आहेत.

एक धोक्याची खूण. ट्रायलमध्ये तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागत असतील तर तिथून उठा. "स्टेम सेलने (मूळ पेशींनी) पंपिंग वाढवतो" म्हणून लाखो रुपये घेणारी ठिकाणं आहेत. माझे काही रुग्ण जमीन गहाण टाकून तिथे जाऊन आले. हृदयाच्या स्टेम सेलवरचे ज्यांचे शोधनिबंध जगभर गाजले, त्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत असं हार्वर्डने २०१८ मध्ये स्वतःच सांगितलं. खरं संशोधन त्या विषयात चालू आहे, पण विकत घेण्याजोगा उपचार आज त्यात नाही.

बाकी सगळं ठीक निघालं तर एक शेवटची परीक्षा मी स्वतः घेतो, माझ्या नात्यातल्या माणसासाठीही घेतली होती. ट्रायल बघणाऱ्या कोऑर्डिनेटरचा मोबाईल नंबर मागून घ्या. सही करायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेसातला, तो लावा आणि सांगा की बाबांचं वजन दोन दिवसांत दोन किलोने वाढलं तर काय करायचं ते विचारायचंय. फोन कोण उचलतं आणि काय सांगतं ते ऐका, मग घरी बसून ठरवा.